खालचं खोकं

रॉकेटचं दार कुठल्या बाजूला कापायचं यावर आमच्या घरात एकमत होईना, म्हणून मी खोकं उलटं केलं आणि त्याच्या बुडावर मला माझी सही दिसली. सही म्हणजे अगदी माझ्या अक्षरातली नव्हे. बशीएवढा गोल शिक्का असतो, त्यात खोकं किती वजन पेलेल तो आकडा, लॉटचा नंबर आणि तपासनिसाचा क्रमांक. तपासनीस क्रमांक चार म्हणजे मी. एक आणि तीन निवृत्त झाले, दोन निवृत्तीनंतर वारले, आणि पाचवा नेमावा असं अजून कंपनीच्या मनात आलेलं नाही. त्यामुळे बऱ्याच खोक्यांच्या बुडाशी मीच असतो. एरवी मला याचा थोडा अभिमानही वाटतो. कुणाकडे सामानाची हलवाहलव चालली असली की मी सहज वाकून बघतो. लोक दुसऱ्यांच्या घरी गेले की भिंतीवरचे फोटो बघतात, आमचा हा माणूस खोक्यांची बुडं बघतो, असं बायको चारचौघांत सांगते आणि चारचौघं हसतात. पण त्या रविवारी सकाळी, हातात कटर आणि गुडघ्याखाली उशी घेऊन बाहेरच्या खोलीत बसलेलो असताना मी लॉटचा नंबर वाचला आणि कटरचं पातं आत सरकवलं. सातशे बारा. ‘बाबा, काप ना,’ मुलगी म्हणाली. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण बाहेर दिसेल ते उचलून ती घरात आणते, आणि ते बहुधा तिच्यापेक्षा मोठं असतं. ‘कापतो,’ मी म्हणालो. पण कापलं नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, ‘ही खोकी कुठून आणलीस गं?’ ‘गोदामातून,’ बायको आतून म्हणाली. ‘पाकळ्या फाटलेली बारा निघाली, टाकूनच देणार होते. तुझीच आहेत ना? मी सगळ्यांना सांगितलं, नवऱ्याची सही आहे, बिनधास्त लावा. सहाची थप्पी आठवर नेली आम्ही. अर्धं गोदाम मोकळं झालं. आमचे साहेब खूश.’ आणि मग तिने कुकरची शिट्टी झाली का असं मला विचारलं, जणू मी घरातल्या सगळ्याच आवाजांचा तपासनीस होतो.

सातशे बाराची गोष्ट तशी फार मोठी नाही, हेच तिच्यातलं वाईट. पुठ्ठा म्हणजे दोन कागद आणि त्यांच्यामधे लाटांसारखा दुमडलेला तिसरा. तो हवेतलं पाणी पितो आणि प्यायला की मऊ पडतो. म्हणून नमुने यंत्राखाली घालण्याआधी एका खोलीत चोवीस तास ठेवायचे असतात, जिथे गरमी आणि ओल दोन्ही नेमून दिलेली असतात. कामगार त्या खोलीला सासर म्हणतात. तिथे एक दिवस राहून आलेल्याचंच खरं काय ते कळतं. त्या आठवड्यात सासर बंद होतं. ओल देणारं यंत्र बिघडलं होतं, ते दुरुस्त करणारा माणूस मेहुणीच्या लग्नाला गेला होता, बाहेर आठ दिवस हवा अशी होती की पाठीला शर्ट चिकटून राहावा, आणि कंपनीतले आमचे साहेब दर अर्ध्या तासाने दारात येऊन मनगटावरच्या घड्याळाला दोन टिचक्या मारून जात होते. नमुने हाताला ओलसर लागत होते. मी ते माझ्या टेबलाखालच्या हीटरवर उभे केले. त्यांना सर्दी झाली असावी तसा वागलो. तासाभराने ते पापडासारखे कडक झाले, यंत्राखाली गेले आणि काटा असा काही चढला की मी स्वतःच मागे सरकलो. साहेब म्हणाले, ‘पुठ्ठा आहे की लोखंड?’ मी हसलो. तपासणीच्या कागदावर ‘चोवीस तास’ असा रकाना असतो, त्यात बरोबरची खूण केली. ती खूण करताना हात थरथरला वगैरे असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. हात अजिबात थरथरला नाही. उलट मी त्या दिवशी जरा लवकर घरी आलो.

बायकोची आणि माझी ओळखही खोक्यांमुळेच झाली. तेव्हा ती त्याच गोदामात तक्रारी लिहायची आणि तिची एक तक्रार आमच्याकडे आली, की खालची खोकी दबून वरची थप्पी कलली. मला पाहणीला पाठवलं. मी दोन तास फिरून सांगितलं, खोक्यांचा दोष नाही, तुमची रचना वाकडी आहे. ती म्हणाली, ‘का?’ मी कारण सांगितलं. त्यावर ती म्हणाली, ‘असं का?’ मी त्याचंही कारण सांगितलं. असे पाच-सहा का झाल्यावर मला कळलं की ही बाई कारण मिळाल्याशिवाय जागची हलत नाही, आणि तिला कळलं की हा माणूस खरं सांगतो. लग्नाचा पाया म्हणून हे काही वाईट नव्हतं. तिने थप्पी उतरवून नव्याने लावली. आता त्याच गोदामाची ती मुख्य आहे. तिच्या हाताखाली नऊ माणसं, आणि दिवसातून पंचवीस वेळा ती तिसऱ्या ओळीतून जाते, कारण तिची काचेची केबिन तिसऱ्या ओळीच्या टोकाला आहे. तिसऱ्या ओळीत सातशे बारा होतं. फरशी पुसायच्या द्रवाचे कॅन, खोक्यामागे बावीस किलो, एकावर एक आठ. सगळ्यात खालच्याच्या डोक्यावर सात. हा हिशेब मी रॉकेटचं दार न कापता, गुडघ्यावर बसूनच केला. एकशे चोपन्न.

मुंगीच्या मनात रॉकेट साधं होतं. तीन मजले, वर कागदाचं टोक, दोन बाजूंना पंख, आत ती आणि तिचा कापडी ससा. मी ते तीन मजले उभे केले, दार रंगवून दिलं, पण कापलं नाही. पुठ्ठ्याला भोक पाडलं की त्याची ताकद जाते, आणि मला अख्खं खोकं हवं होतं. ‘दार उघडत नाही,’ ती म्हणाली. ‘उघडणार नाही. रॉकेटमधे कोणी बसायचं नाही.’ ‘मग अंतराळवीर कुठे बसणार?’ ‘बाहेर.’ ‘बाहेर बसून कसा जाणार?’ मी म्हणालो, आधी इंधन भरावं लागतं, इंधन भरताना आत बसायला बंदी असते, सगळीकडे तसंच असतं. किती दिवस, तिने विचारलं, आणि मी पटकन तीस म्हणालो, कारण गोदामातला माल तीस दिवसांनी हलतो हे मला माहीत होतं. तीस दिवस थप्पी उभी राहिली की खोकी ट्रकात जातील, ट्रकातून दुकानात, दुकानातून कुठेतरी, आणि सातशे बारा हा नुसता एक नंबर उरेल, जसे सातशे अकरा आणि सातशे दहा उरलेत. मुंगीने लगेच लाल खडूने रॉकेटच्या पोटावर तीसपासून शून्यापर्यंत आकडे लिहिले. तेरा उलटा आला. मग मी इंधन भरलं. माळ्यावरून उरलेल्या फरश्या काढल्या, वडिलांचे व्यायामाचे लोखंडी गोळे, शिलाई मशीन, पाण्याचे दोन मोठे कॅन, शब्दकोशाचे सगळे खंड. प्रत्येक वस्तू वजनाच्या काट्यावर ठेवून कागदावर लिहिली आणि बेरीज एकशे चोपन्न होईपर्यंत वरच्या दोन मजल्यांत नीट रचली. अख्खं धूड दोरीने खिडकीच्या गजांना बांधलं. बायको दारात उभी राहून बघत होती. ‘खेळणं आहे की गोदाम?’ ती म्हणाली. ‘पोरीला जरा भक्कम काहीतरी असू दे,’ मी म्हणालो. ‘माझं शिलाई मशीन चंद्रावर जाणार असेल तर मला आधी सांग, एक ब्लाउज राहिलाय.’ ती हसली. मीही हसलो. आत कुठेतरी पुठ्ठा वजन घेत होता. वजन घेताना तो पहिल्यांदा जरा बसतो, खुर्चीत अंग टाकल्यासारखा, मग गप्प होतो.

यंत्राखालची परीक्षा एक मिनिटाची असते. तपासनीस क्रमांक दोन, ज्यांनी मला हे काम शिकवलं, ते त्या मिनिटाला फार मानत नसत. ते म्हणत, पुठ्ठा माणसासारखा असतो, एक मिनिट विचारलंस तर सगळ्याला हो म्हणतो. महिनाभर डोक्यावर बसलास की मग खरं सांगतो. ते असंही म्हणत की काटा बघू नकोस, कान दे. खोकं मोडायच्या आधी एक आवाज करतं, शेजारच्या खोलीत कोणीतरी वाळकं पान चावावं तसा. निवृत्तीच्या समारंभात त्यांना एक शाल आणि घड्याळ दिलं, आणि ते घड्याळ ज्या खोक्यात होतं त्याचं बूड त्यांनी सगळ्यांसमोर उलटं करून पाहिलं. तेव्हा मी फार हसलो होतो. आता मी संध्याकाळी घरी आलो की चपला काढायच्या आधी रॉकेटला कान लावत होतो. मुंगीही दुसऱ्या बाजूने कान लावायची. ‘काय म्हणतंय?’ ‘काही नाही.’ ‘मला म्हणालं, भूक लागली.’ मी तिला शिवणाची टेप दिली आणि खालच्या खोक्याची उंची रोज वहीत लिहायला सांगितली. ती दुसरीत आहे, तिला असल्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिल्या आठवड्यात उंची जरा कमी झाली, ते चालतं. दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ हललीच नाही आणि मी जेवताना दोनदा स्वतःहून विनोद केला. बायको म्हणाली, ‘काय, बढती मिळाली की काय?’ त्या दिवसांत मला असं वाटू लागलं होतं की मी फार काही वाईट केलेलं नाही. मी एक परीक्षा टाळली होती आणि आता तीच परीक्षा घरी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या फरश्या वापरून घेत होतो. इतकी काळजी कोण घेतं? शिवाय सांगायचं तरी कुणाला? साहेबांना सांगितलं तर ते घड्याळाला टिचकी मारतील. बायकोला सांगितलं तर ती का म्हणेल, आणि त्या का-च्या मागून आणखी का येतील, आणि सगळ्यात शेवटी हीटर येईल, पापडासारखे वाळवलेले नमुने येतील, आणि माझ्याकडे बघण्याची तिची जी एक नजर आहे, जिच्यात मी एक सरळ रचना असतो, ती कलेल. या भीतीपुढे एकशे चोपन्न किलो मला हलके वाटत होते, हे आता लिहिताना विचित्र दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं.

मग हवा पुन्हा दमट झाली. भिंती गार आणि चिकट लागू लागल्या, मिठाच्या बरणीत मीठ गोळा झालं, आणि रॉकेटच्या पोटावर सतराचा आकडा खोडलेला होता त्या संध्याकाळी मुंगी म्हणाली, ‘बाबा, रॉकेटला पोट आलंय.’ खरंच आलं होतं. खालच्या खोक्याची समोरची बाजू बाहेर फुगली होती, मधोमध, जेवण झालेल्या माणसासारखी. मी हाताने हळूच दाबून पाहिलं; ते आत गेलं आणि हात काढल्यावर शांतपणे पुन्हा बाहेर आलं. त्याच दिवशी, तासाभराने, बायको भाजी निवडत होती आणि मी शेजारी बसून तिने टाकलेली देठं उगाच सारखी करत होतो. ती म्हणाली, ‘अरे, तुला विचारायचं राहिलं. तिसऱ्या ओळीत खालच्या खोक्यांना जरा पोट सुटलंय. माझी माणसं कुरकुरतायत. मी म्हटलं, घरात तपासनीस आहे, विचारते. काळजीचं आहे का?’ तिने सुरी थांबवून माझ्याकडे पाहिलं. विचारणं अगदी साधं होतं, कुणालाही विचारावं तसं. मला आठवतं, मी तेव्हा देठांकडे बघत होतो, आणि मनात स्पष्ट शब्दांत वाक्य तयार झालं होतं: उद्याच उतरवून घे. तीन शब्द. त्यांना सही लागत नाही, शिक्का लागत नाही. पण त्यांच्या मागे ‘का?’ उभा होता, सुरी हातात घेऊन. मी म्हणालो, ‘पुठ्ठा जरा बसतोच. दमट हवा आहे. महिना निघतो आरामात.’ ‘नक्की?’ ‘नक्की.’ ‘मग झालं,’ ती म्हणाली, आणि सुरी पुन्हा सुरू झाली. एवढ्यावर तिचं समाधान झालं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिने का विचारलं नाही, आणि मला त्याबद्दल सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचे चार दिवस मी नीटसे सांगू शकत नाही. कामावर यंत्राचा काटा चढायचा, उतरायचा, मी आकडे लिहायचो, सगळे खरे. सासर दुरुस्त झालं होतं आणि मी नमुने चोवीसच्या ऐवजी तीस-तीस तास तिथे ठेवत होतो. साहेब म्हणाले, ‘आता काय त्यांचं बाळंतपण करणार आहेस?’ रस्त्यात ट्रकमधून उतरणारी खोकी दिसली की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. घरी टेप उंची कमी-कमी सांगत होती, दर दिवशी कालच्यापेक्षा थोडी जास्त कमी, आणि मुंगी ती मोठ्या अक्षरात लिहून खाली चांदणी काढत होती. तिच्या दृष्टीने सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, रॉकेट खाली दबतंय म्हणजे उडी मारायची तयारी करतंय. मांजर नाही का आधी खाली बसत, ती म्हणाली. गोदामातली थप्पी आमच्या रॉकेटपेक्षा दोन दिवसांनी मोठी होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण मी त्याचा उलटा अर्थ लावत आलो होतो: जोवर धाकटं उभं आहे तोवर थोरलंही उभं असणार. खरं तर थोरलं पडलं असतं तर मला आधी कळलंच असतं, फोन आला असता. म्हणजे मी फोन न येण्यावर जगत होतो. सकाळी बायको निघाली की मी दारापर्यंत जायचो. ‘हे काय नवीन?’ ती म्हणायची. ‘सहज.’ ‘तुला बरं नाहीये का?’ ‘बरं आहे.’ ती जिना उतरून जायची आणि मी तिच्या पावलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकायचो, क्रमांक दोन यांनी शिकवल्यासारखा.

एकोणिसाव्या दिवशी मी रजा टाकली होती. मुंगीच्या शाळेला दुपारनंतर सुटी. तिने जेवून हात पुसला, खडू घेतला, बाराचा आकडा खोडला, आणि आता फक्त अकरा राहिले असं सशाला सांगितलं. मी स्वयंपाकघरात ताटं घासत होतो. नळ बंद केला आणि घरात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत शेजारच्या खोलीत कोणीतरी वाळकं पान चावलं. मग आणखी एक. मग एकदम मूठभर. मी ‘मुंगी!’ म्हणून ओरडलो त्यावर तो आवाज आला. मोठा नव्हता, गादी टाकल्यासारखा, आणि त्याच्या मागून फरश्यांचा, लोखंडाचा, काचेसारखा कसला तरी. बाहेरच्या खोलीत धूळ होती. रॉकेट एका गुडघ्यावर बसलं होतं. दोरीने वरचा भाग धरून ठेवला होता, पण खालचं खोकं उरलंच नव्हतं. जिथे ते होतं तिथे चार बोटं जाडीचा दुमडलेला पुठ्ठा होता आणि पाण्याचा कॅन फुटून सगळीकडे पाणी चाललं होतं. ‘मी काही नाही केलं,’ माझ्या मागून मुंगी म्हणाली. ती मोरीच्या दारात उभी होती, ससा तिच्या हातात होता. ‘मी आत पण नाही बसले. तू नको म्हणाला होतास.’ मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच दुसऱ्या हाताने फोन लावला.

बरेच वेळा वाजल्यावर तिने उचलला. ‘बोल पटकन, माल मोजतेय.’ ‘कुठे आहेस?’ ‘कुठे असणार? तिसऱ्या ओळीत.’ ‘बाहेर ये.’ ‘का?’ ‘सगळ्यांना घेऊन बाहेर ये, आत्ता.’ ‘अरे, पण का? मुंगी ठीक आहे ना?’ ‘मुंगी ठीक आहे. तू बाहेर ये.’ ‘कारण सांग,’ ती म्हणाली, अगदी त्या पहिल्या दिवसासारखी, आणि तिच्या आवाजाच्या मागे, फार लांबून, मला पान चावल्याचा आवाज आला. निदान मला तसं वाटलं. मी म्हणालो, ‘सातशे बाराचे आकडे खोटे आहेत. मी खोटे लिहिलेत. थप्पी पडणार आहे.’ मग तिने फोन तोंडापासून लांब धरून जी हाक दिली ती मी कधीच ऐकली नव्हती; सगळे बाहेर, सामान ठेवा, बाहेर, पळा. फोन तिने बहुधा सवयीने शेजारच्या खोक्यावर ठेवला, कारण मला आता खोक्याच्या आतून ऐकू येत होतं. पळणारी पावलं, कोणाची तरी शिवी, लोखंडी दार सरकल्याचा आवाज. नऊ माणसांची पावलं मोजता येत नाहीत, पण मी मोजत होतो. ती लांब गेली. खूप लांब गेली आणि मी भिंतीला टेकून पाण्यातच खाली बसलो. मुंगीने विचारलं, ‘आई काय म्हणाली?’ मी बोट ओठांवर ठेवलं. कारण एक पाऊल परत येत होतं. एकटं, सावकाश, ओळखीचं, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत मी रोज ऐकतो ते. फोन उचलला गेला. ‘सगळे बाहेर आहेत,’ ती म्हणाली. आवाजात धाप होती, बाकी काही नव्हतं. ‘तू पण जा. फोन घेऊन जा. नंतर बोलू.’ ‘मी तुला भाजी निवडताना विचारलं होतं.’ ‘हो. बाहेर जा आधी.’ ‘तेव्हा माहीत होतं तुला?’ तिच्या मागे आता मूठभर पानं होती. ‘बाहेर जा, पाया पडतो तुझ्या.’ ‘आधी सांग. कधीपासून माहीत आहे?’

मला माहीत होतं की ती हलणार नाही. मुंगी माझ्या शेजारी उकिडवी बसून ओल्या पुठ्ठ्यावरचा अकराचा आकडा बोटाने पुसत होती. तो पुसला जात नव्हता, नुसता पसरत होता. मी म्हणालो, ‘एकोणीस दिवस,’ आणि फोन कानाशी इतका घट्ट धरला की कान दुखला, आणि बाहेर जाणाऱ्या पावलांची वाट पाहू लागलो.